विश्लेषण : सरकारने सुट्टी दिली, मग ऑफिस का चालू? उत्तर दडलंय १८७१ च्या एका कायद्यात

सरकारने ऐनवेळी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्याला आहे का? लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महाराष्ट्र सरकारने सुट्टी दिली. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सुरू होणारी पतधोरण समितीची बैठक एक दिवस पुढे ढकलली. त्याच मुंबईत शेअर बाजार मात्र नेहमीप्रमाणे सुरू राहिला आणि सेन्सेक्स हजाराहून अधिक अंकांनी कोसळलाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, कोणाला सुट्टी आणि कोणाला नाही.

हा गोंधळ आजचा नाही. जादा सुट्टी कायद्याने जाहीर करण्याची पद्धत ज्या कायद्यातून रूढ झाली, तो १८७१ मध्ये ब्रिटिश संसदेत मंजूर झाला. तो आणणारे खासदार स्वतः बँकेचे मालक होते. त्यांचे नाव सर जॉन लबॉक. आज त्यांची ओळख मुख्यतः पुरातत्त्वाच्या आणि कीटकशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. एकेकाळी मात्र इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी त्यांना गमतीने संतपद बहाल केले होते.

डार्विनच्या शेजारचा मुलगा

लबॉक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंडने आपल्या सुट्ट्या छाटल्या. त्याआधी ही बँक निरनिराळ्या संतांच्या नावे वर्षाला तीसहून अधिक दिवस बंद असे. १८३४ पासून उरल्या फक्त चार : गुड फ्रायडे, १ मे, १ नोव्हेंबर आणि नाताळ.

वडील बँकर होते, शिवाय गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. कुटुंबाचे घर केंट परगण्यातल्या डाउन या गावाजवळ होते. १८४२ मध्ये एका संध्याकाळी वडिलांनी घरी येऊन मोठी बातमी असल्याचे सांगितले. आठ वर्षांच्या जॉनला वाटले, आपल्याला तट्टू मिळणार. बातमी निघाली ती वेगळीच. चार्ल्स डार्विन नावाचे कुणी गृहस्थ गावात राहायला येणार होते. पोराचा विरस झाला. पुढे याच शेजाऱ्याने त्याला सूक्ष्मदर्शकातून जग बघायला शिकवले.

शाळेशी संबंध फार काळ राहिला नाही. ईटनसारख्या नामवंत शाळेतून वडिलांनी त्याला वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षीच काढले आणि लोंबार्ड स्ट्रीटवरच्या घरच्या बँकेत बसवले. बँकेतले भागीदार आजारी होते, माणसाची गरज होती. बावीसाव्या वर्षी तो स्वतः भागीदार झाला. कॉलेजचे तोंडही न पाहिलेला हा तरुण २४ व्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो होता. दिवसा हुंड्या आणि खतावण्या, पहाटे आणि रात्री कीटक, हा क्रम आयुष्यभर टिकला.

बँकेतली ही कोवळ्या वयातली उमेदवारी महत्त्वाची आहे. कारकुनाचा दिवस कसा जातो हे त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मालकाला मनात असूनही एक दिवस दार का बंद ठेवता येत नाही, हेही त्यांना नेमके ठाऊक होते.

बँक एकटी बंद का राहू शकत नव्हती?

त्या काळी व्यापार चाले विनिमयपत्रांवर, म्हणजे आपल्याकडच्या हुंडीसारख्या कागदांवर. अमुक तारखेला अमुक रक्कम देईन, असे लिहून दिलेले. ती तारीख उगवली, कागद बँकेत सादर झाला आणि पैसे मिळाले नाहीत, तर कागद नाकारला गेला असे मानत. नोटरीकडून तशी रीतसर नोंद होई. देणाऱ्याची पत एका दिवसात धुळीला मिळे.

आता समजा, एका दयाळू बँकेने आपल्या कारकुनांना सोमवारी सुट्टी दिली. त्या सोमवारी मुदत संपणाऱ्या सगळ्या कागदांचे काय? बँकेला टाळे, म्हणजे पैसे नाहीत, म्हणजे ग्राहकाची अब्रू गेली. त्यामुळे सुट्टी द्यायची तर सगळ्या बँकांनी एकाच दिवशी द्यायला हवी होती. नुसते एकमत होऊनही भागणार नव्हते. देण्याची तारीख बदलायची तर त्याला कायदाच लागतो.

रविवार, नाताळ आणि गुड फ्रायडे यांच्यासाठी नियम आधीच होता. देण्याचा दिवस त्या तारखेला आला, तर पैसे आदल्या दिवशी चुकते करायचे. पण नव्या सुट्ट्यांना हाच नियम लावला असता तर देणेकऱ्यांची पंचाईत झाली असती. ईस्टरचा सोमवार घ्या. मागे रविवार, त्याच्या मागे एक दिवस सोडून गुड फ्रायडे. आदल्या दिवशी, त्याच्याही आदल्या दिवशी करत देण्याची तारीख किती मागे न्यायची?

लबॉक यांनी उलटा मार्ग काढला. नव्या सुट्टीला येणारे देणे दुसऱ्या दिवशी द्यायचे. दोन्ही प्रकारच्या सुट्ट्यांमध्ये घोळ नको म्हणून नवे नाव हवे होते. ते त्यांनी ठेवले बँक हॉलिडे.

या नावाचा आणखी एक फायदा झाला. लबॉक यांनी पुढे स्वतःच मान्य केले की, विधेयकाला राष्ट्रीय सुट्टी असे भारदस्त नाव दिले असते तर विरोध झाला असता. बँक हॉलिडे हे नाव इतके रूक्ष होते की कोणी फारसे लक्षच दिले नाही. दोन निवडणुका हरून १८७० च्या पोटनिवडणुकीत मेडस्टोनमधून लिबरल पक्षातर्फे निवडून आलेल्या या नव्या खासदाराचे विधेयक पुढच्याच वर्षी संमत झाले. २५ मे १८७१ रोजी त्यावर राणीची मोहोर उमटली.

चार दिवस, आणि एक निव्वळ मजेचा

इंग्लंडसाठी कायद्याने चार दिवस ठरवले : ईस्टरचा सोमवार, त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा व्हिट मंडे, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर. स्कॉटलंडची यादी वेगळी होती. चारपैकी तीन दिवस कुठल्या ना कुठल्या सणाला चिकटलेले होते. ऑगस्टच्या सोमवाराला मात्र धर्माचा, राजाचा, लढाईचा कशाचाही आधार नव्हता. ऐन उन्हाळ्यात माणसाने बाहेर पडावे, एवढेच त्याचे कारण.

७ ऑगस्ट १८७१ रोजी तो पहिल्यांदा आला. लंडनची रेल्वे स्थानके आणि थेम्सवरच्या आगबोटींचे धक्के माणसांनी भरून गेले. मार्गेटसारख्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांना एवढ्या पाहुण्यांची सवयच नव्हती. दुकाने, पेढ्या, कारखानेही हळूहळू बँकांच्या मागोमाग बंद राहू लागले. जुन्या सुट्ट्या संतांच्या नावे होत्या, म्हणून या नव्या दिवसाला वर्तमानपत्रांनी सेंट लबॉक्स डे म्हणायला सुरुवात केली. एका बँकमालकाचे हे संतपद लोकांच्या तोंडी बरीच वर्षे टिकले.

पण कायद्यात नेमके काय लिहिले होते?

आजच्या गोंधळाचे मूळ इथे आहे. नाताळ किंवा गुड फ्रायडेला जे देणे देण्याची किंवा जे काम करण्याची सक्ती कोणावर होऊ शकत नाही, ती बँक हॉलिडेलाही होणार नाही, असे कायदा म्हणत होता. मालकाने नोकराला सुट्टी द्यावी, त्या दिवसाचा पगार कापू नये, असे त्यात कुठेही नव्हते. कायदा देण्याघेण्याचा होता. कारकुनाला सुट्टी मिळाली ती बँकेचे दार बंद राहिले म्हणून.

आणखी एक तरतूद होती. राणीला वाटेल तेव्हा फर्मान काढून एखाद्या खास दिवसाला बँक हॉलिडे ठरवता येईल. राज्याभिषेक, ज्युबिली अशा निमित्तांनी दिली जाणारी जादा सुट्टी यातून आली. १८७५ मध्ये दुसरा कायदा करून गोद्या, जकात कचेऱ्या आणि करमालाची गोदामे यांनाही या सुट्ट्या लावल्या गेल्या. म्हणजे जहाजावरचा माल उतरवणाऱ्याचा विचार झाला. उरला तो दुकानातला नोकर.

काउंटरमागची माणसे

बँक हॉलिडेला लोक बाहेर पडले, तर त्यांना चहा, पाव, टोप्या विकणारे कुणीतरी लागतेच. लंडनमधल्या कित्येक दुकानांत आठवड्याला ८० तासांहून अधिक काम ही सर्रास गोष्ट होती. बरेच नोकर दुकानाच्याच माळ्यावर राहत, मालकाच्याच घरचे जेवत. त्यांना सुट्टी मागायलाही तोंड नव्हते.

चार दिवसांची सुट्टी देऊन लबॉक यांना थांबता आले असते. नाव झाले होते, संतपद मिळाले होते. पण १८७० च्या दशकापासून मृत्यूपर्यंत जवळपास चाळीस वर्षे ते दुकानांच्या वेळेमागे लागले. इथे मात्र विरोध झालाच. सज्ञान माणसाने किती तास राबायचे हे सरकारने का ठरवावे, हा आक्षेप त्यांच्याच लिबरल वर्तुळातला होता. स्वतः लबॉकही काही समाजवादी नव्हते. नगरपालिकांनी उद्योगधंदे चालवण्याविरुद्ध त्यांनी अख्खे पुस्तक लिहिले आहे. तरी दुकानांच्या बाबतीत त्यांचा मुद्दा बँकेतून आलेला होता. शेजारचा दुकानदार रात्री दहापर्यंत उघडा असेल तर भल्या दुकानदाराला आठला फळी लावता येत नाही. सगळ्यांना एकदम बांधल्याशिवाय कोणीच सुटत नाही.

१८८६ मध्ये पहिले फळ पदरात पडले, तेही अर्धेकच्चे. अठरा वर्षांखालच्या नोकरांना आठवड्यात ७४ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. जेवणाच्या वेळा त्यातच धरलेल्या. सहा दिवसांनी भागले तर रोजचे बारा तासांहून अधिक होतात, आणि हे मुलांसाठीचे संरक्षण! मोठ्यांना तेवढेही नव्हते.

पुढचा टप्पा यायला १९०४ उजाडले. तोवर ते लॉर्ड एव्हबरी होऊन वरिष्ठ सभागृहात गेले होते. एखाद्या भागातले दोन तृतीयांश दुकानदार राजी असतील तर स्थानिक प्रशासनाला दुकाने बंद करण्याची वेळ ठरवता येईल, असा तो कायदा. कागदावर ठीक होता, पण दुकानदारांची मोट बांधणे कठीण होते आणि थोड्याच ठिकाणी त्याचा उपयोग झाला. अखेर १९११ च्या कायद्याने दुकानातल्या नोकराला आठवड्यातून एक दिवस दुपारी दीडनंतर मोकळीक मिळाली. म्हणजे बँकेच्या कारकुनाला वर्षातले चार दिवस मिळाल्यानंतर दुकानातल्या नोकराला आठवड्याचा अर्धा दिवस मिळायला चाळीस वर्षे गेली.

मुंग्यांना दारू, कुत्र्याला अक्षरे

या सगळ्या काळात त्यांचे दुसरे आयुष्य सुरूच होते. १८६५ च्या एका ग्रंथात त्यांनी अश्मयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग पाडले. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातले पुराश्मयुग आणि नवाश्मयुग हे शब्द ज्या इंग्रजी नावांवरून आले, ती लबॉक यांनीच घडवली. एव्हबरी इथल्या प्राचीन शिलावर्तुळावर घरे उठणार असे कळताच त्यांनी तिथली जमीन विकत घेतली आणि १८८२ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा करून घेतला. पुढे पदवी घेताना त्यांनी याच गावाचे नाव निवडले.

काचेच्या दोन तावदानांत त्यांनी मुंग्यांची वारुळे वर्षानुवर्षे पाळली. मुंग्या आपल्या वारुळातल्या मुंगीला ओळखतात का हे पाहायला त्यांनी काहींना दारू पाजली. शुद्धीवर असलेल्यांनी आपल्या झिंगलेल्या मुंग्यांना बहुतेक वेळा घरी नेले आणि परक्या मुंग्यांना पाण्यात टाकून दिले. व्हॅन नावाच्या कुत्र्याला अक्षरे लिहिलेल्या पाट्या ओळखून खाणे मागायला शिकवण्याचा उद्योगही त्यांनी केला.

कामगारांच्या एका कॉलेजचे ते प्राचार्य होते. तिथे त्यांनी १८८६ मध्ये वाचनीय शंभर पुस्तकांची यादी मांडली. त्यात रामायण, महाभारत आणि कालिदासाचे शाकुंतल होते. मोकळा वेळ मिळाल्यावर माणसाने त्याचे काय करावे, याचाही विचार हा गृहस्थ करत होता. तो थोडा उपदेशकी होता हे खरे.

डार्विन १८८२ मध्ये गेले, तेव्हा त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये जागा मिळावी म्हणून खासदारांच्या सह्या गोळा करण्यात लबॉक पुढे होते. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांतही ते होते. २८ मे १९१३ रोजी केंटच्या किनाऱ्यावर त्यांचे निधन झाले.

भारतात काय झाले?

हुंड्या आणि विनिमयपत्रांचे नियम एकत्र करणारा परक्राम्य संलेख अधिनियम भारतात १८८१ मध्ये झाला आणि १ मार्च १८८२ पासून लागू झाला. त्याचे कलम २५ सार्वजनिक सुट्टीबद्दल आहे. गंमत अशी की, इथे लबॉक यांची दुसऱ्या दिवसाची युक्ती घेतलेली नाही. कागदाची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर तो आदल्या कामकाजाच्या दिवशी देय होतो, हा जुनाच नियम कलमात राहिला. पण मूळ घाट तोच, सुट्टीची व्याख्या देण्याघेण्याच्या कायद्यात.

याच कलमाखाली केंद्राने सोपवलेल्या अधिकारातून राज्य सरकार दरवर्षी सुट्ट्यांची यादी काढते आणि ऐनवेळची जादा सुट्टीही देते. त्यामुळे बँका बंद राहतात. सरकारी कार्यालये सरकारच्याच हुकमतीखालची, म्हणून तीही बंद. खासगी कंपनीच्या मालकाला मात्र हे कलम काहीच बजावत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती वेगळ्याच वाटेने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज दिले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लबॉक यांची सुट्टी मालकाच्या खुर्चीतून आली होती, लोखंडेंची कामगारांच्या मैदानातून.

मग तुमचा हक्क कशावर ठरतो?

ब्रिटनमध्ये लबॉक यांच्या कायद्याची जागा १९७१ च्या कायद्याने घेतली, पण नोकराला बँक हॉलिडेला पगारी रजा मिळालीच पाहिजे असा हक्क तिथे आजही नाही. वर्षाला ५.६ आठवड्यांची, म्हणजे पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते आणि मालक बँक हॉलिडे त्यातच धरू शकतो. ३ जून २०२२ ची ज्युबिली, १९ सप्टेंबर २०२२ चा राणीचा अंत्यविधी आणि ८ मे २०२३ ची राज्याभिषेकाची सुट्टी, तिन्ही वेळी प्रश्न येऊन अडला तो करारातल्या शब्दांवर. सर्व बँक हॉलिडे असे लिहिले असेल तर जादा दिवसही मिळतो. नेहमीचे आठ असे लिहिले असेल तर नववा मालकाच्या मर्जीवर. ब्रिटनमध्ये नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी ऑफर लेटरमधली ही ओळ एकदा बघून ठेवावी.

महाराष्ट्रात दुकाने आणि खासगी कार्यालयांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगारांना वर्षात आठ पगारी सणांच्या सुट्ट्या मिळतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार. हे चार दिवस वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायचे असतात. अनेक ऑफिसांत ही यादी एचआरकडून थेट मेलवर येते, पण कायद्यात शब्द आहे तो सहमतीचा. सरकारने ऐनवेळी दिलेली सुट्टी या आठांत आपोआप मिळवली जात नाही. कंपनीच्या धोरणात किंवा नेमणूकपत्रात राज्य सरकारने जाहीर केलेल्या सुट्ट्या असा उल्लेख असेल तरच ती मागता येते.

मतदानाचा दिवस वेगळा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब थेट मालकाशीच बोलते. व्यापार, उद्योग किंवा कोणत्याही आस्थापनेत नोकरीला असलेल्या मतदाराला त्या दिवशी सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही. न दिल्यास मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. काम थांबल्याने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा जागी असलेल्यांना हे कलम लागू नाही.